ट्रेनर जास्त वॉट दाखवतोय, हे पटवून देताना

"जास्तच दाखवतोय ना, सर? कमी दाखवत असता तर तक्रार समजली असती." ट्रेनरच्या सर्व्हिस विभागातून फोनवर मिळालेलं हे उत्तर अजून डोक्यातून जात नाही. ट्रेनर म्हणजे मागचं चाक काढून सायकल ज्यावर बसवतात आणि जे पायाची ताकद वॉटमध्ये मोजून ऑनलाइन खेळाला पाठवतं, ते यंत्र. घरात सायकल लावून ऑनलाइन शर्यतीत उतरणाऱ्याला जास्तीचे वॉट म्हणजे चोरीचा माल. रस्त्यावर कोण पुढे ते डोळ्यांना दिसतं. इथे तुमचा पाय आणि पडद्यावरचा रायडर यांच्यामध्ये फक्त मोजणारं यंत्र. ते चार टक्के खोटं बोललं, तर तुम्ही चार टक्के खोटे.

खातं उघडणं, ट्रेनर जोडणं, ग्रुप राइड यावर फार लिहीत नाही, ते ज्याचं त्याला जमतं. जून ते सप्टेंबर रत्नागिरीच्या पट्ट्यात बाहेर सायकल काढायची म्हणजे घाटात दरड आणि महामार्गावर पाण्याखाली लपलेले खड्डे. म्हणून ट्रेनर पडवीत. झ्विफ्ट या ऑनलाइन सायकलिंगच्या खेळात ग्रुप राइड निवडताना वर्णनातला वॉट प्रति किलोचा (शरीराच्या वजनामागे किती वॉट) आकडा बघायचा आणि पिवळा बीकन (खुणेचा दिवा) असलेल्या लीडरला सोडायचं नाही, झालं. मायवूश हा तसाच दुसरा खेळ फुकट आहे, २०२४ ची जागतिक ई-सायकलिंग स्पर्धा त्यावरच झाली. ग्रुप राइडला दोन-चार टक्क्यांनी काही बिघडत नाही. वजन आणि उंची मात्र खरी टाका. चढावर वजन धरलं जातं, आणि सपाटीवर हवेचा अडथळा ठरवताना उंचीही हिशोबात येते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

शर्यतींची मालिका थोडी वरच्या दर्जाची असली की आयोजक दुहेरी रेकॉर्डिंग मागतात. एकाच राइडचे वॉट दोन वेगळ्या यंत्रांनी मोजायचे. ट्रेनरचे वॉट गेममध्ये जातात, पेडल किंवा क्रँकमधल्या (क्रँक म्हणजे पेडल ज्याला जोडतात तो दांडा) पॉवर मीटरचे वॉट हँडलवरच्या सायकल कॉम्प्युटरवर नोंदले जातात आणि दोन्ही मूळ फिट फाइल (राइडच्या नोंदीच्या फाइल) जशाच्या तशा द्यायच्या. हा जाच उगाच नाही. पडताळणीला दिलेल्या फाइलमध्ये फेरफार केल्यावरून २०२० मध्ये झ्विफ्टने दोन रायडरना सहा महिन्यांची बंदी घातली होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा सगळ्या स्पर्धकांना एकाच मॉडेलचे ट्रेनर दिले होते, म्हणजे वादच नको.

माझं घोडं अडलं ते इथेच. माझा पॉवर मीटर पेडलमध्ये आहे. दोन फाइल एकावर एक ठेवल्या तर ट्रेनरचे वॉट पेडलच्या वर.

दोन यंत्रांचे आकडे जुळत नाहीत यात नवल नाही. पण कोण वर आणि कोण खाली, याला अर्थ आहे. पेडलवर दिलेली ताकद साखळी, कॅसेट (मागची दातेरी चक्रं) आणि डिरेलरच्या (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेच्या) छोट्या चाकांतून जाताना दोन-तीन टक्के खर्ची पडते. साखळी स्वच्छ असली तर दोनच्या आसपास, गंजकी असली तर त्याहून जास्त. म्हणजे पेडल नेहमी वर आणि ट्रेनर खाली असायला हवा. उलटं दिसलं तर दोघांपैकी एक नक्की चुकतोय, कारण साखळी वॉट तयार करत नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर अर्धी तपासणी नुसत्या नजरेने होते.

मग पायरीची चाचणी. १५ मिनिटं वॉर्म-अप, मग ट्रेनर अर्ग मोडमध्ये (ठरवलेले वॉट तो स्वतःच कायम राखतो) ठेवून १००, १५०, २००, २५० आणि ३०० वॉट, प्रत्येकी तीन मिनिटं. गिअर एकच, केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) ९० च्या जवळपास. प्रत्येक पायरीचं पहिलं मिनिट सोडून उरलेल्या दोन मिनिटांची सरासरी घ्यायची. सेकंदासेकंदाला आकडे जुळवत बसू नका, दोन्ही यंत्रांचं स्मूदिंग (आकड्यांची चढउतार सरासरीने गुळगुळीत करणं) वेगळं असतं. ट्रेनर १०० म्हणाला तेव्हा पेडल ९६, २०० ला १९२, २५० ला २४० आणि ३०० ला २८८.

या आकड्यांकडे नीट बघा, कारण सगळं निदान त्यात आहे. फरक प्रत्येक पायरीला तेवढेच वॉट असता, समजा सगळीकडे ९, तर दोष ट्रेनरच्या आतल्या घर्षणाच्या हिशोबात किंवा पेडलच्या झीरो ऑफसेटमध्ये (भार नसताना शून्य लावणं). फरक टक्क्यात सारखा असेल तर दोष मोजमापाच्या पट्टीतच. आणि एकाच वॉटवर बसून वेळ जाईल तसा फरक वाढत गेला तर तापमानाचा दोष. माझ्या आकड्यांत फरक टक्क्यात सारखा होता.

सर्व्हिसवाल्यांचं उत्तर एकच, "सर, स्पिनडाउन करा आणि स्क्रीनशॉट पाठवा." केलं, पाठवला. पुढच्या माणसाचं परत तेच. स्पिनडाउन करतं काय ते समजून घ्या, म्हणजे या उत्तराचा वैताग का येतो ते कळेल. ट्रेनर ताशी साधारण ३७ किलोमीटर वेगापर्यंत नेऊन पाय थांबवायचे. फ्लायव्हील (ट्रेनरचं जड फिरतं चाक) किती वेळात थांबतं त्यावरून ट्रेनर आपल्या पट्ट्याचं आणि बेअरिंगचं घर्षण शिकतो आणि तेवढे वॉट ब्रेकच्या वॉटमध्ये मिळवतो. म्हणजे एकाच गिअरला, एकाच केडन्सला स्पिनडाउनने सुधारते ती ठरावीक वॉटांची चूक. टक्क्याची चूक जन्मात सुधारणार नाही. (थंड ट्रेनरवर केलं तर उलट नुकसान होतं. थंड पट्टा ताठ असतो, घर्षण जास्त भरतं, आणि पुढे ट्रेनर तापून मोकळा झाला तरी तेवढे वॉट मिळवतच राहतो. दहा मिनिटं चालवल्याशिवाय स्पिनडाउन करू नका.)

मग "दोन टक्के इकडेतिकडे चालतं, सर". ट्रेनरच्या खोक्यावर अधिक-उणे २ टक्के लिहिलंय, पेडलच्या खोक्यावर १ टक्का. हिशोब मांडून दाखवला. पेडलवर २४० दिसताहेत. समजा पेडल पूर्ण १ टक्का कमी दाखवतंय, म्हणजे खरे २४२. साखळीत अडीच टक्के गेले, राहिले २३६. ट्रेनर आपल्या मर्यादेच्या टोकाला जाऊन २ टक्के जास्त दाखवतोय असंही धरलं, तरी २४१. पडद्यावर २५०. यावर उत्तर आलं ते सुरुवातीला लिहिलेलं, जास्तच दाखवतोय ना.

त्यांची एक शंका मात्र रास्त होती, पेडलच कमी मोजत असेल तर? ही शंका घरी सोडवता येते. आधी दोन साध्या गोष्टी बघा. अ‍ॅपमध्ये क्रँकची लांबी बरोबर आहे का? क्रँक १७२.५ मिलिमीटरची आणि अ‍ॅपमध्ये १७० असेल तर जवळपास दीड टक्का कमी भरतो. लांबी क्रँकच्या आतल्या बाजूला कोरलेली असते, अंगठ्याने ग्रीस पुसा म्हणजे दिसेल. दुसरं, मीटर एका पायाचा आहे का? डाव्या क्रँकचा मीटर डाव्या पायाचे वॉट दुप्पट करतो. डावा पाय ४८ टक्केच काम करत असेल तर सरळ ४ टक्के कमी. अशा मीटरवर कुणाशी भांडायला जाऊ नका. माझी पेडलं दोन्ही बाजूंनी मोजणारी होती.

उरते ती टांगत्या वजनाची चाचणी, आणि तिच्यासाठी वजन खात्रीचं हवं. जिमच्या प्लेटवर २० लिहिलेलं असलं तरी भरेल २० च असं नाही. काजूच्या कारखान्यात, भाताच्या गिरणीत किंवा जुन्या किराणा दुकानात वैधमापन खात्याचा शिक्का मारलेलं २० किलोचं लोखंडी वजन असतं. आता सगळीकडे इलेक्ट्रॉनिक काटे आल्यामुळे ती कोपऱ्यात पडून असतात, मागितली की मिळतात. बुडाशी शिशाच्या गोळीवरचा शिक्का ताजा आहे ना एवढं बघा.

सायकल ट्रेनरवरून काढून मागचं चाक बसवा. ट्रेनरवर ही चाचणी होत नाही, फ्लायव्हील फिरून जातं. मागचा ब्रेक पट्ट्याने आवळून बांधा, साखळी पुढे मोठ्या आणि मागे छोट्या चक्रावर टाका, म्हणजे ब्रेकवर ताण कमी येतो. सायकल सरळ उभी धरायला एक माणूस हवा. वजन न टांगता झीरो ऑफसेट करा. मग क्रँक पुढच्या बाजूला अगदी आडवा करून मोबाइलच्या लेव्हलने तपासा. पाच अंश कललेला असला तरी चूक ०.४ टक्केच, पण तीही कशाला? दोरी पेडलच्या बरोबर मध्यावर, वजन जमिनीला न टेकता आणि न हलता लटकलेलं. झोके थांबेपर्यंत आकडा वाचू नका. माझ्या पेडलच्या अ‍ॅपमध्ये टॉर्क (फिरवणारा जोर) बघायची सोय आहे, काही सायकल कॉम्प्युटरवर कॅलिब्रेशनच्या पानावर दिसतो.

येणारा आकडा आधीच काढून ठेवा, वजन गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले क्रँकची लांबी. आपल्याकडे समुद्रसपाटीला गुरुत्व त्वरण ९.७८५ धरा, पुस्तकातलं ९.८०७ नको. २० × ९.७८५ × ०.१७२५ म्हणजे ३३.७६ न्यूटन-मीटर. १७० च्या क्रँकला ३३.२७, १६५ च्या क्रँकला ३२.२९. पाच किलोचं वजन लावून ही चाचणी करण्यात अर्थ नाही. २५० वॉट ९० केडन्सला म्हणजे सरासरी साडेसव्वीस न्यूटन-मीटर, तेव्हा राइडमध्ये पडतो तितका भार टांगायला हवा. डावं पेडल ३३.६ आलं, उजवं ३३.९. दोन्ही अर्ध्या टक्क्याच्या आत. पेडल खरं, ट्रेनर खोटा.

वजनावरचा शिक्का, मोबाइलची लेव्हल आणि टॉर्कचा आकडा एकाच व्हिडिओत न कापता दिसतील असं चित्रण केलं, पायरीच्या चाचणीच्या दोन मूळ फाइल जोडल्या आणि एका ओळीत लिहिलं, "फरक टक्क्यात आहे, स्पिनडाउनने जाणारा नाही." तक्रार हलली ती यानंतर. एवढं सगळं गिऱ्हाइकाने करायचं? असो. वॉरंटीत ट्रेनर बदलून मिळाला. नवा ट्रेनर पेडलच्या २ टक्के खाली आहे, जिथे असायला हवा तिथेच. पडताळणी त्यानंतर विनातक्रार झाली.

तक्रार सर्व्हिसकडे असेपर्यंत किंवा ट्रेनर बदलून मिळेपर्यंत शर्यती सोडायची गरज नसते. जोडणीच्या पडद्यावर वॉटचा स्रोत म्हणून पेडल निवडा आणि ट्रेनर फक्त चढ-उताराच्या नियंत्रणाला ठेवा. साध्या शर्यतींना हे चालतं. वरच्या मालिकांचे नियम आधी वाचा.

पायरीच्या चाचणीबद्दल एक राहिलं, आणि ते महत्त्वाचं आहे. ट्रेनरच्या अ‍ॅपमध्ये पॉवर मॅच चालू असेल तर आधी बंद करा. ते चालू असताना ट्रेनर पेडलचेच आकडे बघून ब्रेक लावतो. दोन रेषा मग इतक्या सुंदर जुळतात की कुणालाही आनंद व्हावा, आणि सिद्ध काहीच होत नाही. सायकल कॉम्प्युटरवर दर सेकंदाला नोंद, ऑटो-पॉज बंद, सरासरीत शून्य धरणं चालू. पेडल ब्लूटूथने मोबाइलला आधीच चिकटलेली असतील तर दुसरीकडे दिसणार नाहीत, तेव्हा कॉम्प्युटर अँट प्लस या दुसऱ्या वायरलेस सिग्नलवर जोडा. आलेखात काही सेकंद एकदम सपाट रेषा दिसली तर ती तुमची स्थिरता नव्हे, सिग्नल तुटलाय. वायफाय आणि हे दोन्ही सिग्नल एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतात. राउटर ट्रेनरच्या डोक्यावर ठेवू नका, अँट प्लसचा डोंगल यूएसबीच्या लांब वायरने ट्रेनरजवळ आणा.

कोकणातल्या हवेचा हिशोब वेगळा. जुलैत पुसून ठेवलेली साखळी सकाळी तांबूस दिसते, आणि गंजकी साखळी पेडल-ट्रेनरमधला फरक वाढवते. मेण लावलेली साखळी टिकते. घामातलं मीठ आणि समुद्राकडची हवा मिळून पेडलच्या चार्जिंगच्या पिना आणि गोल सेलच्या मीटरची पितळी पट्टी खातात. राइड संपली की ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा. सिग्नल वारंवार तुटत असेल तर नवा सेल घेण्याआधी ती पट्टी पेन्सिलच्या खोडरबराने घासून बघा. पंखा एक पुरत नाही, दोन लावा, कारण बंद पडवीत तुमच्याइतकाच ट्रेनरही तापतो. झीरो ऑफसेट १५ मिनिटांच्या वॉर्म-अपनंतर पुन्हा करा.

वीज जाणारच, हे धरून चाला. ट्रेनरला फार वीज लागत नाही, घरच्या इन्व्हर्टरवर तो सहज चालतो. पण बदलीच्या क्षणी काही ट्रेनर रीस्टार्ट होतात आणि शर्यतीत गट निघून जातो. राउटरला वेगळा छोटा यूपीएस हवाच. मध्य युरोपात संध्याकाळी ७ ची शर्यत उन्हाळी वेळेनुसार आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होते, हिवाळ्यात साडेअकराला, तेव्हा खालच्या मजल्यावर कोण झोपतं त्याचाही विचार करा.

आणि ट्रेनरचा मूळ खोका, आतल्या फोमसकट, टाकू नका. बदली करायची तर तोच मागतात. "तुमच्या पिनकोडला पिकअप नाही" म्हटल्यावर तेवढं वजन स्वतःच कुरिअरच्या ऑफिसात न्यावं लागतं. दमट हवेत पुठ्ठा मऊ पडतो, म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवा.