घशाच्या दुर्बिणीला एआयची जोड : काय जमतं, कुठे फसतं

दापोली-गुहागर पट्ट्यात मिश्री लावणाऱ्या बायका आणि तंबाखू मळणारे खलाशी काही कमी नाहीत. तीन आठवडे उलटूनही आवाज घोगराच असेल, गिळताना एकाच बाजूला टोचत असेल, किंवा मोठ्या माणसाच्या एकाच कानाला दडा बसून राहिला असेल, तर मी औषधं बदलत बसत नाही, कॅन्सर तर नाही ना हे पाहायला दुर्बीण घालतो.

दुर्बिणीच्या चित्रात संशयास्पद जागा दिसली की एआय तिच्याभोवती चौकट काढतं. ते जोडल्यापासून निम्मी मेहनत चित्र स्वच्छ ठेवण्यात जाते. लाळेच्या फेसावर उजेड चमकला की पडद्यावर चौकट उमटलीच. म्हणून आधी दोन घोट पाणी प्यायला द्यायचं, मग नाकात नाक मोकळं करणारे ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब आणि सुन्न करणाऱ्या ४ टक्के लिग्नोकेनमध्ये भिजवलेली पट्टी. दहा मिनिटं थांबायचंच. घाई केली की रुग्ण ठसकतो, स्वरयंत्र मिटतं आणि फ्रेम धूसर येतात. एसीत गार पडलेलं भिंग आतल्या दमट हवेत धुकटतं, तेव्हा टोक कोमट पाण्यात बुडवून, पुसून मगच आत.

नाकामागे, घशाच्या वरच्या भागात, रोझेनमुलरची खाच दोन्ही बाजूंनी दाखवावी लागते. तिथला कॅन्सर बहुतेकदा एपस्टीन-बार विषाणूशी निगडित. दक्षिण चीनमध्ये आणि आपल्या नागालँडमध्ये जास्त, कोकणात क्वचित. तिकडच्या चित्रांवर शिकलेलं एआय मॉडेल इथे डोळे झाकून वापरू नये.

आपल्याकडे जास्त भीती खालची, स्वरयंत्राच्या शेजारच्या खोलगट घडीची, पायरीफॉर्म सायनसची. एरवी ही घडी मिटलेली असते. "मावशी, तोंड मिटा, नाक दाबा आणि गाल फुगवा," म्हटलं की उघडते. उघडलीच नाही तर एआय गप्प बसतं, आणि त्या गप्प बसण्याला कुणीतरी 'नॉर्मल' लिहून मोकळं होतं. सगळ्यात वाईट चूक हीच.

मग नॅरो बँडचा, म्हणजे फक्त ठरावीक निळ्या-हिरव्या रंगाचा, उजेड. ४१५ आणि ५४० नॅनोमीटरचा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, त्यामुळे वरच्या थरातल्या केशवाहिन्या तपकिरी दिसतात. सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये त्यांचे ठिपके दाटतात आणि डागाला स्पष्ट कड येते. जाड पांढऱ्या चट्ट्याखाली मात्र वाहिन्या झाकल्या जातात. तिथे यंत्र काय नि डोळा काय, दोन्ही फसतात. पांढऱ्या प्रकाशावर शिकलेलं मॉडेल या उजेडात चालवलं तर कुठेही चौकटी पडतात. पित्ताने लाल झालेला घसा, पूर्वी रेडिएशन घेतलेला घसा, इथेही तेच.

चौकट म्हणजे निदान नव्हे. संशयित जागेचा तुकडा तपासणीसाठी काढायचा, त्याच्या दसपट १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाकायचा आणि बाटलीवर नेमकी जागा व बाजू लिहायची. स्वरयंत्राचा तुकडा बहुधा भूल देऊनच.

तपासणीनंतर घसा सुन्न असेपर्यंत, निदान तासभर, चहासुद्धा नाही. घोट श्वासनलिकेत उतरतो. चौकट उमटली नाही पण आवाज तसाच आहे, किंवा मानेत गाठ लागते, तर पुन्हा दुर्बीण आणि सोबत सीटी स्कॅन.