सोनखारची खाडी

सोनखार हे शहर कुठल्याच नकाशावर नाही. ते एका दोनशे पानी वहीत आहे, आणि ती वही तीसेक वर्षं माझ्या कपाटात आहे.

रेवदंडा माझं आजोळ. मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं तिथे जमायचो. दुपारी मोठी माणसं आडवी झाली की मी आणि माझा मावसभाऊ ओटीवर पालथे पडून शहर रचायचो. त्याला मी दादा म्हणते. दादा नकाशे काढायचा, माणसं आणि कायदे माझ्याकडे. राजा ठेवायचा नाही हे पहिल्याच दिवशी ठरलं, कारण राजा दोघांपैकी एकालाच होता आलं असतं. म्हणून सोनखारवर चाळीस घरांची सभा राज्य करायची, आणि सभेत कोण बसणार ते दरवर्षी चिठ्ठ्या टाकून ठरायचं.

शहर खाडीच्या तोंडाशी एका बेटावर. तिथे शंखवाल्या बायका होत्या. त्यांनी धक्क्यावर उभं राहून शंख फुंकला की आलेली भरती जागच्या जागी थांबायची, ओहोटी लागायचीच नाही. बाकीच्या बंदरांत मोठी गलबतं पाण्याची वाट बघत बाहेर नांगर टाकून बसायची. सोनखारला केव्हाही या, पाणी भरलेलंच. मग काय, मिरी तिथेच उतरू लागली, घोडे तिथेच, तांबंही तिथेच. वहीच्या पहिल्या साठ पानांत शहर नुसतं वाढत जातं.

बुडालं मात्र एका पानात. सुट्टी संपत आली होती, उद्याची एसटी होती, म्हणून दादाने सात तोंडांचा समुद्रसर्प आणला आणि त्याने शहर गिळलं. मी रडले. आई म्हणाली, पुढच्या वर्षी दुसरं शहर करा. पण मला दुसरं नको होतं. हे असं बुडणार नाही एवढंच मला पक्कं कळत होतं. कसं बुडेल ते सांगता येत नव्हतं.

ते कळायला दोन गोष्टी कारण झाल्या. पहिली आजीची पुतळ्यांची माळ.

आजी गेल्यावर ती माझ्याकडे आली. लहानपणी आजी एकेक पुतळी बोटात धरून दाखवायची: हा राजा, हा गुरू, राजा गुरूसमोर गुडघे टेकून बसलाय. पुढे मी वाचलं आणि अंगावर काटा आला. ते चित्र इटलीतल्या व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याचं. गुडघे टेकलेला तो व्हेनिसचा डोज, म्हणजे निवडून दिलेला प्रमुख, आणि समोर उभे संत मार्क त्याच्या हाती ध्वज देताहेत. हे ड्यूकॅट १२८४ साली पहिल्यांदा पाडलं, वजन साधारण साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शुद्ध. पाचशे वर्षं ठसा मुळात तोच राहिला. मिरी-मसाल्याच्या मोबदल्यात ही नाणी आपल्या किनाऱ्यावर येत राहिली, लोकांनी त्यांना पुतळी म्हटलं, गळ्यात घातलं, आणि इथले सोनारही तसेच ठसे पाडू लागले. म्हणजे एका नगरराज्याची नाणी माझ्या आजीच्या गळ्यात होती, आणि आम्ही तिच्याच ओटीवर नगरराज्य रचत होतो!

मग मी व्हेनिसच्या मागेच लागले. वेड लागल्यासारखं वाचलं. त्यातलं १२९७ साल मला सगळ्यांत जिव्हारी लागलं. त्या वर्षी तिथल्या महासभेचं दार मिटायला सुरुवात झाली: ज्यांची घराणी आधी तिथे बसली होती, त्यांनाच पुढे बसता येणार. शहर तेव्हा पडतीला लागलेलं नव्हतं, उलट चढत होतं. वास्को द गामा कालिकतला पोहोचायला अजून दोनशे वर्षं होती. आणि शेवट १२ मे १७९७ रोजी, नेपोलियनचं सैन्य दाराशी असताना: त्याच महासभेने मतदान करून स्वतःलाच मोडीत काढलं. साप नाही, वणवा नाही. मतं पडली आणि अकराशे वर्षं जुनं राज्य संपलं.

दुसरी गोष्ट माझ्या मामाची. मामाची खारजमीन आहे, थोडीशीच, बांधाच्या आत. एका पावसाळ्याआधी तो उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी बदलत होता, मी काठावर बसले होते. समोर खाडी, पलीकडे कोर्लईचा डोंगर. मी विचारलं, पूर्वी इथे एवढी मोठी जहाजं यायची, आता मचवासुद्धा भरतीची वेळ बघून का आणावा लागतो? मामाने फळी खाली ठेवली.

"अगं, गाळ नदी आणते, पण तो बाहेर नेते ओहोटी. भरतीला जेवढं पाणी आत पसरेल तेवढंच जोरात परत जाणार. आम्ही बांध घातले, भात काढला, बरोबर आहे, पोटाला लागतं. पण पाण्याला आत पसरायला जागा राहिली नाही. मग परतताना गाळ ओढणार कोण?"

मी त्याच्याकडे बघतच राहिले. व्हेनिसच्या लोकांनी हे ओळखलं होतं. खाजणात गाळ भरू नये म्हणून ब्रेंता, पियावे अशा नद्यांची तोंडं त्यांनी वळवून थेट समुद्रात सोडली, आणि हे काम शतकानुशतकं चाललं. माझ्या सोनखारने नेमकं उलटं केलं होतं. शंखवाल्यांनी ओहोटीच बंद केली होती! ज्या शंखाने शहर उभं केलं तोच रोज थोडीथोडी खाडी भरत होता, आणि बारा वर्षांच्या मला ते दिसलं नव्हतं.

चौलच्या बाबतीत एकट्या गाळावर बोट ठेवणार नाही मी. चौल म्हणजे रेवदंड्याला लागून असलेलं, टॉलेमी या प्राचीन ग्रीक भूगोलकाराच्या ग्रंथात आलेलं बंदर, पंधराव्या शतकात अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी आपला घोडा घेऊन उतरला ते. १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी शेजारी रेवदंड्याला किल्ला बांधायला घेतला, १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. तोवर उत्तरेला मुंबई वाढत होती आणि व्यापार तिकडे वळत होता. आज किल्ल्याच्या तटाआत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, मोडका सातखणी मनोरा आहे, आणि पलीकडच्या कोर्लईत पोर्तुगीजमधून घडलेली एक बोली घराघरात बोलली जाते. ती ऐकली की मला पोटात कालवतं. राज्य गेलं, बंदर गेलं, आणि शब्द माशाच्या पाटीबरोबर चालत राहिले.

गेल्या वर्षी मी वही पुन्हा उघडली आणि सर्पाचं पान फाडलं. दादाला फोन करून आधी परवानगी घेतली. तो म्हणाला, "फाड. मला तेव्हासुद्धा ते पटलं नव्हतं, पण एसटी होती ना."

आता सोनखार असं संपतं. शंख फुंकण्याचा हक्क आधी कुणालाही असतो, ज्याचा दम टिकेल त्याला. शहर श्रीमंत झाल्यावर तो सात घरांच्या लेकींपुरता राहतो. सभेच्या चिठ्ठ्यांतही हळूहळू त्याच सात घरांची नावं पडू लागतात. तांडेल येऊन सांगतात, तळ वर येतोय, महिन्यातून चार दिवस तरी ओहोटी सोडा. पण चार दिवस बंदर बंद म्हणजे चार दिवसांची जकात बुडणार, आणि ती कुणाच्या घरची यावर सभेचं एकमत होत नाही. दरवर्षी ठराव पुढच्या वर्षावर जातो. कुणीही वाईट नाही त्यात. ही प्रकरणं लिहिताना मला फार त्रास झाला, कारण प्रत्येकाचं म्हणणं मला पटत होतं. शेवटी एका कोळणीची मुलगी रात्री धक्क्यावरचा मोठा शंख पाण्यात टाकून देते. ओहोटी लागते. पण एवढ्या वर्षांचा गाळ एका ओहोटीने जात नाही, आणि सकाळी गलबतं चिखलात कलंडलेली दिसतात.

नकाशे पुन्हा दादाच काढतोय. परवा त्याने चार पाठवले, एकाच खाडीचे, शंभर-शंभर वर्षांच्या अंतराने. पाण्याची खोली त्याने वावांत लिहिली आहे. पहिल्यात धक्क्यापाशी सात वाव. दुसऱ्यात चार. तिसऱ्यात दीड. चौथ्यात आकडाच नाही, तिथे त्याने बांध काढलाय, उघाडी काढलीय आणि बारीक निबाने भाताची रोपं काढली आहेत.