पाच पात्यांचं हेलिकॉप्टर घेऊन डोंगरावर

गाडीची मागची सीट आडवी पाडली की ह्यूजेस ५००-डी हेलिकॉप्टरचं माझं रेडिओवर उडणारं मॉडेल जेमतेम आत जातं, तेही पाती उतरवून. दोन पात्यांचं असतं तर पाती शेपटीकडे वळवून सरळ निघता आलं असतं. या हेडला, म्हणजे पाती धरणाऱ्या मधल्या भागाला, ती सोय नाही. म्हणून प्रत्येक पात्यावर आणि त्याला पकडणाऱ्या ग्रिपवर एकच आकडा लिहिलाय. तीन नंबरचं पातं तीन नंबरच्याच ग्रिपमध्ये जाणार. वजन जुळवलेल्या संचातही थोडं डावं-उजवं असतंच, आणि ट्रॅकिंग (सगळी पाती एकाच पातळीत फिरतील अशी जुळणी) लावलेलं असतं ते त्या जोड्यांसाठी. अदलाबदल झाली की मैदानावरची अर्धी सकाळ त्यातच जाते.

लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्या वेगळ्या, आगरोधक पिशवीत, दर सेलला साधारण ३.८ व्होल्टवर, म्हणजे अर्धवट भरलेल्या. भरलेल्या बॅटऱ्या घेऊन वळणावळणाच्या रस्त्यावर निघणाऱ्यांचं मला नवल वाटतं. चार्जिंग वर पोचल्यावर.

यावेळचं मैदान समुद्रसपाटीपासून जवळपास १००० मीटरवर. एवढ्या उंचीवर हवा खालच्यापेक्षा साधारण ९ टक्क्यांनी विरळ असते, ऊन चढलं की आणखी. उचल रोटरच्या फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे भरपाईला पाचेक टक्के जास्त फेऱ्या पुरतात. खाली मी १२५० आरपीएमवर (मिनिटाला तेवढ्या फेऱ्या) उडवतो. इथे फेऱ्या स्थिर ठेवणारा गव्हर्नर १३१० वर नेला. नुसती पिच (पात्यांचा कोन) वाढवूनही भागलं असतं, पण मग शेपटीचा रोटर आहे त्याच फेऱ्यांवर राहतो, आणि वाऱ्यात कमी पडतो तो आधी तोच.

पाती लावून झाली की टोकांना वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या. मॉडेल डोळ्यांच्या उंचीवर तरंगत ठेवायचं आणि चांगलं लांबून बघायचं. सगळे रंग एका रेषेत दिसले पाहिजेत. पिवळा जरा वर चालला होता. उतरवून त्याची लिंक (पात्याची पिच ठरवणारी दांडी) अर्धा फेरा फिरवली, पुढच्या खेपेला तो रेषेत आला.

खरा वेळ खाते ती फेज, म्हणजे हुकूम आणि त्याचा परिणाम यांतलं अंतर. पात्याला दिलेला हुकूम ९० अंश पुढे जाऊन दिसतो असं पुस्तकात असतं. पण पाच पात्यांचं कडक हेड तेवढा उशीर लावत नाही. परिणाम असा की स्टिक पुढे दिली की नाक खाली जातं आणि अंग एका बाजूला कलतं. फ्लायबारलेस युनिटमध्ये (मॉडेल स्थिर ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रात) स्वॉशप्लेट, म्हणजे पात्यांना हुकूम पोचवणारी तबकडी, काही अंश फिरवून हे घालवता येतं. बदल दोन-दोन अंशांनीच करावा. मॉडेल सरळ पुढे सरकायला लागलं की थांबावं. गेन, म्हणजे युनिटच्या दुरुस्तीचा जोर, तोही उतरवावा लागतो, नाहीतर नाक थरथरत राहतं.

उडवताना एक गोष्ट मी कटाक्षाने पाळतो: जमिनीवर असताना सायक्लिक स्टिक (मॉडेल पुढे-मागे, बाजूंना कलवणारी) ढवळायची नाही. स्किड (खालचे पाय) जमिनीवर टेकलेले असताना युनिटला वाटतं, हुकूम दिला तरी मॉडेल वळत नाहीये. मग ते स्वॉश आणखी कलवत जातं, आणि कडक हेड सहा किलोचं धूड आडवं करू शकतं. कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांची पिच एकदम वाढवणारा हुकूम) द्यायचा आणि खुशाल उचलायचं.

वर गेल्यावर घाई नाही. लांब फेरी, वळताना रडरची (शेपटीच्या रोटरची) जोड, आणि दोन पात्यांच्या फटफटीऐवजी एकसलग गुंजारव. तो आवाज ऐकायला मी एवढा रस्ता तुडवतो, हे मान्य करायला हरकत नाही. उतरताना मात्र सरळ खाली यायचं नाही. स्वतःच्याच खाली ढकललेल्या हवेत सापडलं की कलेक्टिव्ह वाढवूनही मॉडेल खचतच जातं. म्हणून पुढचा वेग राखत, तिरकं.

कुंपणापाशी उभ्या असलेल्या एका मुलाने विचारलं, "काका, उलटं उडतं का हे?" नाही उडत. पात्यांचा छेद वरच्या बाजूला जास्त फुगीर आहे, शून्य अंशावरही ती थोडी उचल देतात. उणे पिच मी उतरण्यापुरतीच ठेवलीय. हे सगळं सांगेपर्यंत त्याचा रस संपला होता, आणि माझी दुसरी बॅटरी लावून झाली होती.