हेड घरी उतरवायचं, पंपाला हात लावायचा नाही

मार्चमध्ये ऊस संपत आला तशी आमची गाडी पाणी खायला लागली. खाली थेंब नाही, पाइप ओले नाहीत, तरी रोज सकाळी रेडिएटरमधली पातळी उतरलेली. भरलेल्या गाडीला चढ लागला की काटा लाल पट्ट्याकडे सरकायचा. गाडी जुना टाटा ट्रक आहे, कमिन्स ६बीटी इंजिनाचा. सहा सिलिंडर, ५.९ लिटर, डिझेल पंप यांत्रिक, कॉम्प्युटरचा संबंध नाही. माझ्याकडे येण्याआधी ती बरीच वर्षं विहिरीच्या पाण्यावर चाललेली, त्यामुळे रेडिएटरच्या नळ्यांत क्षाराचा थर बसलेला. इंजिन तापण्याचं मूळ तिथं होतं.

कारखान्याच्या अड्ड्यावर ज्याला त्याला एकच सुचत होतं, फुल इंजिन काम काढा. मला ते पटेना. रोग कुठं आहे हे ठरण्याआधी सगळं इंजिन उतरवायला लावणारा सल्ला मी कधीच मानत नाही. आणि स्वतः करायचं की मिस्त्रीकडे न्यायचं, हा प्रश्न तर त्याच्याही पुढचा. आधी गाडीला विचारलं पाहिजे.

पहाटे इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून सेल्फ मारला. पाण्यात लगेच बुडबुडे. झाकण लावून परत चालू केलं, तर पाणी कोमट व्हायच्या आत वरचा होज पाइप दगडासारखा कडक. थंड इंजिनात वाफेचा दाब येत नाही, म्हणजे सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसत होता. डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ होतं, दुधाळ नव्हतं. ब्रीदर पाइपला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीला, तळहात लावला, तिथं जोर नव्हता, म्हणजे रिंगांतून गॅस खाली गळत नव्हता. गरम झाल्यावर मंद गतीलाही ऑइलचा दाब चांगला. शेवटी नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजलं. गेज आमच्या वस्तादांचं, ज्यांच्याकडून मी हे काम शिकलो. चार चांगले, आणि शेजारशेजारचे दोन कमी. शेजारचे दोन एकदम पडले की हेड पॅकिंगवर (हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, त्याच्या खालचं पॅकिंग) संशय घ्यायचा, हे वस्तादांनीच शिकवलेलं.

म्हणजे खालचं अंग, पिस्टन-रिंगा-बोअर, धड होतं. हे कळणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रिंगा-बोअर थकलेले असताना नुसतं हेड नवं केलं की वरचा दाब वाढतो, आणि त्या थकलेल्या रिंगांतून ऑइल जळायला लागतं. थोड्याच दिवसांत परत सगळं खोलावं लागतं. खर्च दोनदा.

मग वस्तादांना विचारलं, “हेड मी घरी खोलू का?”

ते म्हणाले, “खोल की. पण बंद करताना तुझ्याकडं काय हाय ते सांग आधी.”

माझ्याकडे रिंग पाने होते, गोटी पाने होते, फिलर गेज होतं. टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट मोजून आवळायचा पाना, नव्हता. या इंजिनाला सहा सिलिंडरला मिळून एकच लांब हेड आहे आणि ते २६ बोल्टांवर बसतं. मधल्यापासून सुरू करून बाहेर जात, ठरलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने ताण द्यायचा आणि शेवटी प्रत्येक बोल्ट चौथाई वेढा फिरवायचा. अंगाच्या अंदाजाने आवळलेलं हेड एखादा हंगाम टिकतंही, पण टोळी फडात बसलेली असताना ते उडालं तर? आमच्या धंद्यात वाहतूकदार कारखान्याशी करार करतो, उचल घेतो, मुकादमाला पैसे देतो. बीडकडून आलेली माणसं कोयता घेऊन उभी आणि गाडी बंद, ही वेळ फार वाईट. त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडते, आपला हिशेब तर बिघडतोच. म्हणून टॉर्क रेंच हाती येईपर्यंत बोल्टाला हात लावायचा नाही असं ठरवलं. वस्तादांनी त्यांचा दिला.

पावसाळा माझ्या बाजूने होता. जूनपासून गाडी उभीच असते. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू होईपर्यंत घाई नाही, आणि घाई नसणं हे घरी काम काढण्याचं निम्मं बळ आहे. हेच फेब्रुवारीत झालं असतं तर मी सरळ गॅरेजला लावली असती.

काम मी तीन भागांत वाटलं. खोलणं, धुणं, खुणा करणं, बसवणं माझं. पुशरॉड (व्हॉल्व्ह हलवणारी दांडी) ज्या जागेचा त्याच जागी जायला पाहिजे, म्हणून पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने खोचून ठेवले. इंजिनचा निम्मा भाग केबिनच्या आत येतो, त्यामुळे हेड उचलणं हे सगळ्यात अवघड. एकट्याने उचलायच्या वजनाचं ते नाहीच. चेन कप्पी लावली, भाऊ आणि शेजारचे दोघं मदतीला.

दुसरा भाग कोल्हापूरचा. हेडची प्रेशर टेस्ट, फेस (खालची बाजू मशीनवर घासून सपाट करणं), व्हॉल्व्ह सीट. शिवाजी उद्यमनगरात यासाठी लागणारी यंत्रंही आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणारे हातही. शेतातल्या ऑइल इंजिनांपासून या शहराने लोखंड ओळखलंय. हेडला तडा आहे का, त्याची खालची बाजू किती वाकलीय, हे डोळ्यांनी ठरवायचा हट्ट कुणी करू नये. फेस मारला की व्हॉल्व्ह किती खोल बसतो तेही मोजून घ्यावं लागतं, नाहीतर नवीनच दुखणं.

तिसरा भाग पंप आणि नोझल. नोझल टेस्टिंगला दिले. पंप जागेवरून हलवलाच नाही. पंपाचं सील फोडून डिझेल वाढवून देणारे रस्तोरस्ती भेटतात, गाडी पळतेही, पण जादा डिझेलचा काळा धूर आणि ताप पिस्टनला सोसावा लागतो. पंपाचं माप फक्त पंप तपासायच्या बेंचवर.

खोलण्याआधी आणखी एक गोष्ट वहीत लिहून ठेवली होती, कुठं थांबायचं ती. ६बीटीला वेगळे लायनर नसतात, पिस्टन थेट ब्लॉकमध्ये चालतो. म्हणून बोअरला नख अडकेल असा उभा ओरखडा दिसला, किंवा ब्लॉकचा माथा खाल्लेला निघाला, तर पुढे काही करायचं नाही. झाकून ठेवून अख्खं इंजिन कोल्हापूरला. एकदा खोलून बसलं की माणसाला वाटतं, आता एवढं झालंय तर होईल तेही. तेव्हा स्वतःचंच लिहिलेलं समोर असावं. बोअर स्वच्छ निघाले. पॅकिंग दोन सिलिंडरच्या मधल्या पट्टीवर जळून काळं पडलेलं, वस्ताद म्हणाले होते तिथंच.

हे सगळं बघायला पुतण्या येऊन बसायचा. त्याची गाडी २०२१ ची, बीएस-६. एका संध्याकाळी म्हणाला, “काका, माझी मिस मारतीय. तुम्ही नोझलचे नट एकेक करून सैल करून बघता तसं माझ्याबी गाडीला बघूया?”

मी हातातलं काम खाली ठेवलं. माझ्या इंजिनात नोझल दोन-अडीचशे बारला उघडतो, आणि चालू इंजिनात एकेक नट सैल करून आवाज बदलतो का बघणं ही जुनी रीत आहे. त्याच्या गाडीच्या कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणारी एकच नळी) दाब दीड हजार बारच्या पुढे जातो. तिथं चालू इंजिनात नट सैल केला तर डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते. बाहेरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, आत मांस कुजायला लागतं, आणि तातडीने शस्त्रक्रिया झाली नाही तर बोटं, हातसुद्धा जातो. त्याला सांगितलं, बाळा, तुझ्या गाडीला आधी स्कॅनर लावायचा. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, बेल्ट, पाणी, युरियाची टाकी स्वच्छ ठेवणं, एवढं तुझं. बाकीचं ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांचं. त्याचा चेहरा पडला, पण त्याने ऐकलं. दुसऱ्या दिवशी स्कॅनरवर एका इंजेक्टरचं नाव निघालं.

परवा हेड बसलं. क्रम वस्ताद बाजूला उभं राहून म्हणत होते, रेंच मी ओढत होतो. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, थंड इंजिनात लावले, इनटेक ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.५१ मिलिमीटर. रेडिएटर उघडून नळ्यांत सळई घालून साफ करून घेतला, आणि आता विहिरीचं पाणी बंद, कूलंटच. डिझेलची हवा काढून सेल्फ मारला. वरचा होज हाताला मऊ लागला. आता रिकाम्या गाडीने चढावर नेऊन काटा बघायचा आहे, मग भरून.