गावच्या टेलिफोन सर्व्हरचे व्यवस्थापन ब्राउझरवर : पुढची नोंद

मागच्या नोंदीपर्यंत घर, गोडाऊन आणि विहिरीवरचे पंपघर येथील फोन एकमेकांना लागू लागले होते. या वेळचे काम सर्व्हरचे व्यवस्थापन-पान ब्राउझरमध्ये, आणि तेही गावात नसताना, उघडता येण्याचे होते. आर्वी तालुक्यातील शेतावरची आमची ही मांडणी सार्वजनिक टेलिफोन जाळ्याला मुद्दामच जोडलेली नाही. रात्रपाळीत लाईन आली की घरून पंपघरात फोन लावता यावा, एवढाच तिचा मुख्य उपयोग. मी आठवडाभर वर्ध्याला असतो आणि बदल मात्र गावात होत राहतात. पाडव्याला सालगडी बदलला की एक्स्टेंशनचे (आतल्या फोनच्या क्रमांकाचे) नाव बदलावे लागते, विजेची पाळी बदलली की रिंग ग्रुपमध्ये, म्हणजे एकाच क्रमांकावर वाजणाऱ्या फोनच्या गटात, कोणता फोन आधी वाजावा हेही बदलते.

यंत्र म्हणजे कार्यालयातून निकाली निघालेला एक जुना थिन क्लायंट (छोटा, कमी ताकदीचा संगणक) असून त्यावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आणि फ्रीपीबीएक्स १७ आहे. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ साली लिहायला घेतलेले ॲस्टेरिस्क आत कॉल जोडण्याचे काम करते, आणि फ्रीपीबीएक्स हा त्याचा ब्राउझरमधला चेहरा होय. स्थापना झाल्यावर पहिल्यांदा जो हे पान उघडेल त्यालाच ते व्यवस्थापकाचे नाव आणि पासवर्ड ठरवायला सांगते, म्हणून ही पायरी फोर-जी राउटरची तार काढून, सर्व्हर आणि लॅपटॉप एकाच स्विचवर ठेवून उरकली. नवशिक्यांसाठी आणखी एक गोष्ट येथेच नोंदवतो. 'सबमिट' दाबल्यावर बदल फक्त मारियाडीबी या डेटाबेसमध्ये जातो. वरच्या कोपऱ्यातले लाल 'अप्लाय कॉन्फिग' दाबले की मगच ॲस्टेरिस्कच्या फाईली नव्याने लिहिल्या जातात आणि बदल प्रत्यक्ष लागू होतो. म्हणूनच ज्या फाईलींच्या नावात 'ॲडिशनल' आहे त्यांत हाताने काहीही लिहू नये, पुढच्या 'अप्लाय'ला ते पुसले जाते. हाताने लिहायचे ते 'कस्टम' नावाच्या फाईलींत लिहावे.

बाहेरून पान उघडण्यासाठी राउटरवर ४४३ क्रमांकाचे पोर्ट (सुरक्षित वेबपानांचे दार) सर्व्हरकडे वळवावे, हा सल्ला सर्रास दिला जातो. आमच्याकडे तो चालण्यासारखाच नव्हता, कारण राउटरला मोबाईल कंपनीकडून मिळालेला पत्ता १०० ने सुरू होणारा आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला होता, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देण्याच्या व्यवस्थेतला. चालला असता तरी मी तो घेतला नसता. ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रीपीबीएक्सच्या एंडपॉइंट मॉड्यूलमधला सीव्हीई-२०२५-५७८१९ या नोंदक्रमांकाचा सुरक्षा-दोष उघड झाला तेव्हा दुरुस्ती येण्याआधीच त्याचा गैरवापर सुरू झालेला होता, आणि व्यवस्थापन-पान थेट इंटरनेटवर उघडे ठेवलेले सर्व्हरच त्यात सापडले. पासवर्ड कितीही कठीण असला तरी अशा दोषापुढे तो उपयोगी पडत नाही, कारण हल्लेखोराला लॉगिन करण्याची गरजच उरत नाही.

त्यामुळे वायरगार्ड निवडले. ते दोन यंत्रांमध्ये इंटरनेटवरून कूटबद्ध खासगी वाट, म्हणजे बोगदा, तयार करते. महिन्याच्या भाड्याने घेतलेला एक लहान सर्व्हर मध्ये आहे. गावातले यंत्र स्वतःहून त्याच्याशी ५१८२० या यूडीपी पोर्टवर जोडले जाते आणि माझा लॅपटॉपही तिथेच येऊन मिळतो. जोडणी आतून बाहेर जात असल्यामुळे वाटून दिलेल्या पत्त्याची अडचण उरत नाही, फक्त 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' (ठराविक वेळाने रिकामे पाकीट पाठवत राहण्याचे सेटिंग) २५ सेकंदांवर ठेवावे लागते, नाहीतर मोबाईल जाळे ती वाट काही वेळाने विसरून जाते.

बोगदा तयार झाला, पिंग पोहोचू लागले, तरी पान उघडेना. येथे ब्राउझर नेमके काय दाखवतो ते नीट पाहावे. 'जोडणी नाकारली' असा निरोप लगेच येत असेल, तर बहुधा पान पुरवणारा अपाची हा वेबसर्व्हर बंद आहे किंवा त्या पोर्टवर ऐकत नाही. चकती नुसती फिरत राहून शेवटी वेळ संपल्याचे सांगत असेल, तर फायरवॉल मधल्या मध्ये पाकिटे टाकून देत आहे असे समजावे. आमचा प्रकार दुसरा होता. फ्रीपीबीएक्सची फायरवॉल प्रत्येक इंटरफेसला (जाळ्याच्या जोडणीला) एक झोन, म्हणजे विश्वासाची पातळी, देते. बोगद्याचा नवा इंटरफेस 'लोकल' झोनमध्ये घालताच पान उघडले. फोर-जी राउटरकडचा इंटरफेस 'इंटरनेट' झोनमध्येच आहे आणि तिथेच राहील. तेवढ्यातच ५०३८ पोर्टवरचे ॲस्टेरिस्कचे मॅनेजर इंटरफेसही (इतर प्रोग्रामनी त्याला आज्ञा देण्याची सोय) फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच यंत्राच्या आत, ऐकते याची खात्री करून घेतली, कारण ते सर्व्हरबाहेरून कोणी वापरण्याचे कारणच नाही.

बोगदा आहे तर एचटीटीपीएस कशाला, असे एकाने विचारले होते. मधल्या सर्व्हरवर वायरगार्डचे कूटलेखन उलगडते आणि पुढच्या टप्प्यासाठी पुन्हा केले जाते, म्हणजे साध्या एचटीटीपीने गेलेला पासवर्ड त्या भाड्याच्या यंत्रावर वाचता येईल. म्हणून सर्टिफिकेट मॅनेजमेंटमधून स्वतःच सही केलेले प्रमाणपत्र बसवले. ब्राउझर त्यावर लाल इशारा देतो. डोळे झाकून पुढे न जाता, सर्व्हरसमोर बसून टर्मिनलवर काढलेला प्रमाणपत्राचा एसएचए-२५६ ठसा (ओळख पटवणारी अक्षरमालिका) आणि ब्राउझरने दाखवलेला ठसा हे आधी जोडी-जोडीने ताडून पाहावेत, मगच अपवाद नोंदवावा.

सर्वांत जास्त वेळ मात्र लोडशेडिंगने घेतला. गावाकडून पुतण्याचा फोन आला, "काकाजी, लाईन येऊन तासभर झाला, पण तुमचं ते पान उघडूनच नाही राह्यलं." घरातले फोन व्यवस्थित लागत होते, बोगदा तेवढा उठला नव्हता. वीज परतल्यावर थिन क्लायंट राउटरच्या आधी तयार होतो. राउटर अजून टॉवर शोधत असताना वायरगार्ड मधल्या सर्व्हरचे नाव विचारते, उत्तर मिळत नाही, थोडा वेळ वाट पाहून सेवा थांबते आणि पुन्हा आपणहून सुरू होत नाही. सेटिंगमध्ये नावाच्या जागी थेट आयपी पत्ता लिहिल्यावर ही तक्रार संपली. बायॉसमध्ये वीज परतताच यंत्र सुरू व्हावे हा पर्याय लावला आणि मदरबोर्डवरची सीआर२०३२ बटणबॅटरीही बदलली. ती संपलेली असेल तर घड्याळ मागे जाते, आणि वायरगार्ड आधीपेक्षा जुन्या वेळेचा हस्तांदोलन-निरोप (जोडणी सुरू करतानाचा पहिला निरोप) स्वीकारत नाही.

आता पुतण्यासाठी वेगळे खाते केले आहे. 'ॲडमिनिस्ट्रेटर्स' विभागात त्याला फक्त एक्स्टेंशन आणि रिंग ग्रुप दिसतील असे ठरवून एक्स्टेंशनची मर्यादा २०० ते २०९ ठेवली. फायरवॉल आणि मॉड्यूल त्याच्या यादीतच येत नाहीत. त्याने पंपघराच्या एक्स्टेंशनचे नाव बदलून पाहिले आणि लाल बटण दाबायलाही तो विसरला नाही. बॅकअप मॉड्यूलची फाईल रोज रात्री बोगद्यातून वर्ध्याच्या लॅपटॉपवर कशी आणावी, हे काम बाकी आहे. लॅपटॉप रात्री बंद असतो, त्यामुळे बहुधा ती फाईल मधल्या सर्व्हरवर कूटबद्ध करूनच ठेवावी लागेल.