आईचा राग आणि रोमकरांस पत्र

शनिवार, रात्री उशिरा

गुरुवारच्या बायबल स्टडीत सध्या रोमकरांस पत्राचा (नव्या करारातलं, प्रेषित पौलाने लिहिलेलं पत्र) चौथा अध्याय चालू आहे आणि त्याच्यावरून घरात तणातणी. भांडण असं नाही, पण आई भांडी जरा जोरात ठेवतेय.

कारण काका. आमच्या गल्लीतले. मंडळीच्या रजिस्टरमध्ये नाव होतं पण चर्चमध्ये दिसायचे ते फक्त नाताळला, जन्मभर प्यायले, काकूंनी दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटून पोरं शिकवली, आणि लिव्हर गेल्यावर हॉस्पिटलच्या बेडवर पाळकसाहेबांचा हात धरून म्हणाले की आता माझ्याकडून काहीच होण्यासारखं नाही, काय ते येशूनेच करावं. प्रार्थना झाली, त्याच आठवड्यात गेले. दफनाच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले, आपला भाऊ विश्वासाने नीतिमान ठरून, म्हणजे देवापुढे निर्दोष धरला जाऊन, प्रभूकडे गेला. आई तिथे गप्प होती. घरी येऊन चप्पल काढता काढता म्हणाली, "मग मी इतकी वर्षं संडे स्कूल घेतलं ते कशाला?"

प्रश्न चुकीचा नाहीये. उलट मला वाटतं हा प्रश्न ज्याला पडत नाही त्याने ही शिकवण नुसती पाठ केलीय. पौल सरळच म्हणतो, काम करणाऱ्याला मजुरी मिळते ती काही मेहेरबानी नसते, त्याचं देणंच असतं ते, पण जो काम दाखवत नाही, अधर्म्याला नीतिमान ठरवणाऱ्या देवावर नुसता विश्वास टाकतो, त्याचा विश्वासच नीतिमत्त्व म्हणून धरला जातो. अधर्म्याला! सुधारलेल्याला, प्रयत्न करणाऱ्याला असं नाही. हे वाक्य वाचून कुणी नीट वागणारा माणूस चिडला नाही तर नवलच.

आणि मग तो अब्राहाम काढतो. मला यातलं तारखांचं गणित फार आवडतं. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या १५व्या अध्यायात अब्राहामाने विश्वास ठेवला आणि तो नीतिमान गणला गेला. त्याचा मुलगा इश्माएल झाला तेव्हा तो ८६ वर्षांचा, ते पुढच्या अध्यायात. सुंता झाली तेव्हा ९९. म्हणजे निदान १३ वर्षं तो सुंता नसलेलाच नीतिमान होता, आणि मोशेचं नियमशास्त्र तर पौलाच्या हिशेबाने त्यानंतर ४३० वर्षांनी आलं. यहुदी लोकांचा मूळपुरुषच जर विधी आणि नियमांच्या आधी पास झाला असेल तर मग विधीवर पास होण्याचा मुद्दा राहतोच कुठे. पौल वकील म्हणून जबरदस्त होता, समोरच्याचेच कागद काढून केस जिंकायचा.

आईला हे सांगितलं तर ती म्हणे, अब्राहाम दारू पीत नव्हता.

तिला खरं टोचलं ते लूकच्या १८व्या अध्यायाने असणार, कारण तो तिने स्वतः शेकडो पोरांना शिकवलाय. परुशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा धार्मिक यहुदी, आणि जकातदार, म्हणजे लोकांना लुबाडणारा म्हणून बदनाम कर वसूल करणारा, दोघे मंदिरात प्रार्थनेला जातात ती येशूची गोष्ट. आपण नाटकात परुशाला खलनायक करतो, जाड दाढी लावतो, पण तो खोटं कुठे बोलतोय? आठवड्यातून दोनदा उपवास, सगळ्या उत्पन्नाचा दशमांश. असा माणूस आमच्या मंडळीत असता तर त्याला बिनविरोध खजिनदार केलं असतं. आणि येशू म्हणतो नीतिमान ठरून घरी गेला तो दुसरा, जो लांब उभा राहून छाती बडवत एवढंच म्हणाला की देवा, मज पाप्यावर दया कर. जकातदाराने पुढे धंदा सोडला का, पैसे परत केले का, गोष्टीत काही नाही. गोष्ट तिथेच संपते.

यावर मला सारख्या पंडिता रमाबाई आठवतायत. केडगावच्या (दौंडकडचं केडगाव, आपलं नगरचं नव्हे). करण्याच्या बाबतीत त्यांच्याइतकं कुणी केलं असेल? लहानपणापासून आईवडिलांबरोबर तीर्थं, व्रतं, पुराणं सांगत पायी भटकंती, दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण गेले, मग भावाबरोबर पुन्हा चालत देशभर. १८८३ मध्ये इंग्लंडला बाप्तिस्मा. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, विधवांसाठी, ते पुढच्या वर्षी पुण्याला आणलं, आणि पुण्यात त्यावरून केवढं वादळ. एवढं सगळं चालू असताना ही बाई पुढे १९०७ मध्ये आपल्या साक्षीत लिहिते की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी मला कळलं, मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा जरा घाबरलेच. कारण आम्ही जन्मापासून चर्चमधले लोक बाप्तिस्मा झाला की सुटलो असंच धरून चालतो. रमाबाईंचं म्हणणं असं की तीर्थं करून जी शांती मिळाली नव्हती ती बाप्तिस्मा घेऊन, चर्चला जाऊन, समाजसेवा करूनही मिळाली नाही, कारण नावं बदलली तरी त्या अजून आपल्याच कमाईवर देवापुढे उभ्या होत्या. शेवटी तिथे त्या रिकाम्या हाताने गेल्या, म्हणजे काका गेले तसंच. काकांकडे हात रिकामे असण्याशिवाय पर्यायच नव्हता, रमाबाईंना मात्र एवढं भरलेलं ताट आधी खाली ठेवावं लागलं, आणि मला तरी हे जास्त अवघड वाटतं. आईचं पण तेच होतंय, तिचं ताट भरलेलं आहे.

आणि काम त्यांनी सोडलं का? उलट. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या, केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती हे आश्रयस्थान उभं राहिलं, शेवटपर्यंत मराठी बायबलचं भाषांतर करत बसल्या. फक्त आता ते काम कुणाला दाखवायचं नव्हतं.

आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, ठीक आहे, पण काकूंचं काय? यावर मी खरंच अडले. माझं मत असं झालंय की काका देवापुढे नीतिमान ठरले म्हणून काकूंचं देणं फिटत नाही. लूकच्याच पुढच्या अध्यायातल्या जक्कय नावाच्या जकातदाराने ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करीन म्हटलं होतं. काकांना तेवढा वेळच मिळाला नाही, तर ते आता मंडळीने बघावं, निदान धाकट्याची फी तरी भरावी. हे मी मीटिंगमध्ये मांडणार आहे, कुणाला पटो न पटो.

ऑफिसात वसईची एक मैत्रीण आहे, कॅथलिक. डबा खाताना तिला सगळं सांगितलं. मला वाटलं ती याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय काढेल, नुसत्या विश्वासाने नाही तर क्रियांनीही, कारण सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरच्या वेळी चर्चमध्ये कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशी मोठी फाटाफूट झाली त्यात हाच मुद्दा होता. पण ती म्हणाली ते आता बरंचसं मिटलंय. खरंच आहे, ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत ऑग्सबर्गला लुथरन (ल्यूथरच्या परंपरेतले प्रॉटेस्टंट) आणि कॅथलिक दोघांनी सह्या केल्या की देव आपल्याला स्वीकारतो ते निव्वळ कृपेने, आपल्या कुठल्याही लायकीमुळे नाही, आणि चांगली कामं त्याच्या मागून येतात.

"पण तुझे काका आमच्यात असते ना," ती भेंडीची भाजी माझ्या डब्यात टाकत म्हणाली, "तर तारण झालं असतं, पण आधी पर्गेटरीत, म्हणजे स्वर्गाआधी शुद्ध व्हायला, थांबावं लागलं असतं. बराच वेळ."

हे मी आईला सांगणार नाहीये. उद्या सकाळीच उठून कॅथलिक चर्चला जाईल ती.