'क'चा ड्रॉवर

मी त्या मुलीला दोनदा "नाही" म्हणाले. तीन महिने झाले तरी ते डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात सहायक ग्रंथपाल आहे. गेल्या वर्षात आमच्याकडे जेवढं बदललं तेवढं त्याआधीच्या माझ्या सोळा वर्षांत बदललं नव्हतं. 1 जानेवारी 2025 पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू झालं, 30 प्रकाशकांची जवळजवळ 13,000 जर्नल्स सरकारी संस्थांना खुली झाली, आणि जी केमिस्ट्रीची पोरं एकेका पेपरसाठी दुसऱ्या शहरातल्या मित्रांना मेल करायची त्यांची वणवण थांबली. हे फार मोठं काम झालं, त्याबद्दल मला मनापासून आनंद आहे. पण त्यात मराठीच्या पीएचडीवाल्याच्या हाती जवळपास काही लागत नाही. त्याला लागतं ते 1920-30 सालचं पुस्तक, पिवळं पडलेलं, बांधणी सुटलेलं, आणि ते आमच्या वरच्या मजल्यावरच्या बंद स्टॅकमध्ये असतं.

दुसरा बदल म्हणजे सोल हे ग्रंथालयाचं जुनं सॉफ्टवेअर सोडून आम्ही कोहावर आलो. कोहा ओपन सोर्स आहे, न्यूझीलंडच्या एका छोट्या ग्रंथालयासाठी बनलेलं, माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ भेट. सॉफ्टवेअर उत्तम आहे, त्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. डेटा नेताना सोलमधली पुस्तकं सरळ गेली, प्रश्न होता त्याआधीच्या पुस्तकांचा, जी कधीच कॉम्प्युटरवर आली नव्हती, फक्त कार्डांवर होती. त्यासाठी निविदा निघाली, सगळ्यात कमी दरवाल्याला काम मिळालं, दर रेकॉर्डप्रमाणे पैसे. एजन्सीची मुलंमुली चांगली होती, दिवसभर मान खाली घालून टाइप करायची, चुका फार कमी. काम संपलं, आणि कार्ड कॅटलॉगची सागवानी कपाटं निर्लेखनात, म्हणजे मोडीत काढली. त्या जागी अभ्यासिकेची टेबलं येणार होती, कारण एमपीएससीची मुलं सकाळी सहापासून रांगेत उभी असतात आणि कुलगुरू कार्यालयाला तीच रांग दिसते. त्या मुलांना जागा मिळायलाच हवी, पण ग्रंथालय म्हणजे खुर्च्या आणि पंखे एवढंच ज्यांना वाटतं त्यांच्या हातात बजेट असतं याचा मला राग येतो.

तर गुरुवारी सकाळी ती मुलगी आली. रात्रभर एसटीत बसून आलेली, सॅक पाठीवरच. तिला एका बाईंच्या आठवणींचं पुस्तक हवं होतं, स्वातंत्र्याच्या बरंच आधीचं. नाव इथे देत नाही, तिचं त्यावर काम चालू आहे. एवढंच सांगते की शीर्षकात 'कांहीं' हा शब्द होता, दोन्ही अनुस्वारांसकट. मी टाइप केलं 'काही', जसं आपण सगळे करतो. नो रिझल्ट्स फाउंड. लेखिकेच्या आडनावाने शोधलं, तेही नाही. मी म्हटलं, नाहीये आपल्याकडे.

ती म्हणाली, "मॅडम, असायला हवं," आणि मोबाइल पुढे केला. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातल्या एका जुन्या प्रबंधाची तळटीप होती, त्यात आमच्या ग्रंथालयाचं नाव. मी म्हटलं, अगं तेव्हा असेल, नंतर गहाळ झालं असेल, सिस्टीममध्ये नाही म्हणजे नाही. हे मी अगदी समजुतीच्या सुरात सांगितलं, आणि आता सगळ्यात जास्त तेच खुपतं.

आमचे परिचर मामा बाजूला ड्रॉवरना सुतळी बांधत होते, शनिवारी रद्दीवाला टेम्पो घेऊन येणार होता. ते म्हणाले, "मॅडम, कपाट अजून इथेच आहे, बघू का सोडून?" मी हो म्हटलं, खरं सांगायचं तर त्या मुलीचं समाधान व्हावं म्हणून.

'क'चा ड्रॉवर उघडला. ज्यांनी कार्ड कॅटलॉग वापरलेला नाही त्यांना सांगते, पाच बाय तीन इंचाची कार्डं, खालच्या भोकातून पितळी सळई गेलेली, म्हणजे कुणी कार्ड काढून नेऊ नये. त्यात 'कांहीं'ची कार्डं आणि 'काही'ची कार्डं एकातएक मिसळून लावलेली होती. अक्षरक्रमाने बघितलं तर चूक. पण ड्रॉवरच्या अगदी पुढच्या जाड मार्गदर्शक कार्डावर सुंदर टाकाच्या अक्षरात लिहिलं होतं : अनुच्चारित अनुस्वार क्रमात धरू नये. 1962 च्या लेखननियमांनी हे अनुस्वार गेले आणि त्यानंतरच्या पिढीतला वाचक ते न लिहिताच शोधणार, हे कुणीतरी ओळखलं होतं, हजारो कार्डं सळईतून काढून परत लावली होती. पाचव्या मिनिटाला कार्ड सापडलं, वर्गांक 920.72, दाखल क्रमांक, म्हणजे पुस्तक ग्रंथालयात आलं की त्याला मिळतो तो नंबर, लाल शाईत. मामांनी पंधरा मिनिटांत पुस्तक आणून टेबलावर ठेवलं.

मग आडनावाने का नाही सापडलं? पुस्तकावर बाईंचं फक्त पहिलं नाव आणि पुढे 'बाई', आडनावच नाही. जुन्या ग्रंथपालांनी शोधाशोध करून आडनावाखाली एक वेगळं कार्ड केलेलं : अमुक, पाहा तमुकबाई. आम्ही त्यांना 'पाहा' कार्डं म्हणतो. त्यावर दाखल क्रमांक नसतो, म्हणजे ते पुस्तकाचं रेकॉर्ड नाही, म्हणजे एजन्सीला त्याचे पैसे नाहीत. म्हणून एकही 'पाहा' कार्ड टाइप झालं नाही. सगळ्या ड्रॉवरमधलं एकही नाही. मुलांनी 'कांहीं' अगदी बरोबर जसंच्या तसं टाइप केलं होतं, शीर्षक तसंच उतरवायचं असतं. मार्कमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नोंदीच्या ठरलेल्या साच्यात, पर्यायी शीर्षकासाठी 246 नंबरचा रकाना आहे, लेखकाच्या दुसऱ्या नावासाठी ऑथॉरिटी रेकॉर्डमध्ये, म्हणजे नावांच्या वेगळ्या नोंदीत, 400 आहे, जागा सगळ्या आहेत. त्या भरायच्या हे निविदेच्या अटींमध्ये लिहायला हवं होतं, आणि अटी लिहिणाऱ्या समितीत मी होते. माझी सही आहे त्याच्यावर.

ती मुलगी संध्याकाळपर्यंत वाचत बसली, जेवायलाही उठली नाही.

टेम्पो थांबवला. त्यासाठी किती फोन आणि किती टिपण्या लागल्या ते सांगत बसत नाही, वरिष्ठ म्हणाले एका पुस्तकासाठी एवढं कशाला. आता रोज दुपारी दोन तास मी आणि एक कंत्राटी सहकारी ड्रॉवर घेऊन बसतो. हे मशीनवर सोपवता येत नाही. 'चिंता'मधला अनुस्वार काढून चालत नाही. 'घरांत' म्हणजे जुन्या पद्धतीचं एका घरात, की आजचं अनेक घरांत, ते पुस्तक हातात घेतल्याशिवाय कळत नाही. वर 'दऱ्या'सारख्या शब्दातला तो र दोन तऱ्हांनी टाइप होतो, स्क्रीनवर सारखाच दिसतो, पण कॉम्प्युटरला वेगळा. सहकारी मुलगी हुशार आहे, तिचा करार मार्चमध्ये संपतो.

आणखी एक गोष्ट केली, ती बरोबर होती की नाही मला अजून ठरवता येत नाहीये. कोहात लॉगिन करून केलेल्या सर्चची हिस्ट्री राहते, किती रिझल्ट आले तेही. वाचक काय शोधतो ते ग्रंथपालाने बघू नये असं मी कायम मानत आलेय. तरी शून्य रिझल्टवाले सर्च काढले. यादी वाचताना हात गार पडले. त्यातली कितीतरी पुस्तकं आमच्याकडे आहेत, आता ड्रॉवरमध्ये दिसतायत. एका मुलाने एकाच पुस्तकाचं नाव चार दिवसांत नऊ वेळा शोधलेलं, दर वेळी स्पेलिंग थोडं बदलून, अनुस्वार मात्र एकदाही नाही.

त्या मुलाला मी फोन केला, म्हटलं तुझं पुस्तक सापडलंय, ये. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मॅडम, मी विषय बदलला. साधनंच मिळत नाहीत म्हणून गाइड सरांनी जूनमध्येच बदलायला लावला."

पुस्तक मी काउंटरमागच्या कपाटात त्याच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवलंय. तो अजून आलेला नाही.